सातव्या रिळाचा मालक

दिवाळी आठवड्यावर आली की आमच्या घरात दोन गोष्टी हटकून निघतात. एक फराळाची यादी आणि दुसरी माळ्यावरची अडगळ. यादी वयोमानाप्रमाणे दरवर्षी थोडी आखडते. अडगळ मात्र तशीच्या तशी खाली उतरते, पुसली जाते आणि पुन्हा वर चढते. या अडगळीत पत्र्याचे सतरा गोल डबे आहेत. नवख्या माणसाला ते चकल्यांचे वाटतात. एकदा शेजारच्या मुलाने त्यातला एक मोठ्या आशेने उघडलाही होता. आत निघाली काळपट फीत. त्याचा हिरमुसलेला चेहरा पाहून आमची ही म्हणाली, "अरे, आमच्या यांच्या चकल्या अशाच असतात. गोल, कडक आणि कुणी तोंडात घालू नयेत अशा!"

आता वाचकांपासून काय लपवायचे? मी जुन्या चित्रपटांची रिळे जमवतो. तीही नावाजलेल्या चित्रपटांची नव्हेत. नावाजलेले चित्रपट हल्ली कुणालाही घरबसल्या पाहता येतात, त्यात पुरुषार्थ तो कसला? जो चित्रपट कुठे लागत नाही, कुणाला आठवत नाही, ज्याचे नाव घेतले की समोरचा माणूस "असा चित्रपट होता का हो?" असे विचारतो, त्याच्यावर माझा जीव. लोक निवृत्त झाल्यावर काशी-रामेश्वर करतात, ऐपतवाले सिंगापूर करतात. माझी यात्रा मुंबईचा चोरबाजार, कोल्हापूर आणि पुणे या त्रिस्थळीपुरतीच. एरवी ही तिन्ही ठिकाणे वेगवेगळी घडतात. गेल्या वर्षी ती एकाच डब्यापायी एका आठवड्यात घडली. त्या यात्रेची ही हकीकत.

पण आधी या रोगाचे मूळ सांगायला हवे. माझे बालपण गिरगावातल्या एका चाळीत गेले. गणेशोत्सवात एक दिवस चाळीत चित्रपट असे. दोन चाळींच्या मधल्या बोळात या गॅलरीपासून त्या गॅलरीपर्यंत एक मोठे पांढरे कापड ताणून बांधत. ऑपरेटर संध्याकाळपासूनच सोळा मिलिमीटरचे यंत्र मांडून बसलेला. आम्ही मुले त्याच्याभोवती, जणू तो सत्यनारायणच सांगणार आहे! जागा अर्थातच आधी आलेल्यांची. १९६२ सालची गोष्ट असावी. मी आठ वर्षांचा होतो. आईने दळणाला पाठवले, गिरणीत गर्दी होती आणि मी परत येईपर्यंत बोळ फुलून गेला होता. उशिरा आलेल्यांची सोय एकच : पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचे.

मागून चित्रपट दिसतो तसाच, फक्त उलटा. आरशात दिसावा तसा. श्रेयनामावली आली ती उलटी, म्हणून नाव वाचता आले नाही. त्यानंतर एक बाई विहिरीवर पाणी शेंदते. कळशी काठावर येते, ती वाकून डाव्या हाताने ती उचलते आणि दूर रस्त्याकडे पाहते. कुणीतरी जाते आहे. ती हाक मारत नाही. नुसती पाहते. एवढेच मला आठवते. मग पाऊस आला, ऑपरेटरने यंत्रावर गोणपाट टाकले आणि मंडळी पांगली. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना विचारले, "त्या डावखुऱ्या बाईचं पुढं काय झालं?" पुढे बसलेल्या मुलांनी मला वेड्यात काढले. म्हणे, डावखुरी बाई त्यात नव्हतीच!

साठ वर्षे झाली. ती बाई कोण आणि ती कुणाकडे पाहत होती, हे मला अजून कळलेले नाही. दुर्मिळ चित्रपट जमवणाऱ्या माणसांना आपण विक्षिप्त म्हणतो. पण माझा अनुभव असा की, प्रत्येकाच्या आत कुठेतरी असा एक पाऊस पडून अर्धवट राहिलेला खेळ असतो.

आता चोरबाजार. ग्रँट रोड स्टेशनवर उतरून पूर्वेकडे चालू लागावे. भेंडीबाजाराच्या अंगाला मटण स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. या बाजाराचे मूळ नाव 'शोर बाजार' होते आणि साहेबाच्या जिभेवर त्याचा चोर झाला, असे तिथले लोक सांगतात. ते खरे असो वा खोटे, आज तिथे शोर आहे आणि चोर कोण हे घासाघीस संपेपर्यंत ठरत नाही. रस्त्याचे नाव मटण स्ट्रीट. मिळतात मात्र ग्रामोफोनचे कर्णे, बंद घड्याळे, जहाजावरचे पितळी कंदील, कुणाच्या तरी आजोबांची तसबीर. चित्रपटाच्या शौकिनांसाठी जुनी पोस्टरे, काचेच्या जाहिरातपट्ट्या आणि गाण्यांची ती चिमुकली चोपडी. एके काळी आण्या-दोन आण्यांना मिळणाऱ्या या चोपड्यांना आता सोन्याचा भाव आला आहे. पोस्टरे दिवाणखान्यात लावायला लोक हौसेने नेतात. हल्ली तर रिळांच्या रिकाम्या चकत्यांनाही गिऱ्हाईक आहे. हॉटेलवाले त्या भिंतीवर शोभेला लावतात. चकती विकली जाते आणि तिच्यावरची फीत कोपऱ्यात गुंतवळासारखी पडून राहते. माझ्यासारख्याची नजर त्या गुंतवळावर.

त्या दिवशी माझ्या ओळखीच्या चाचांच्या दुकानात एक डबा दिसला. झाकणावर पांढऱ्या रंगाने '७' लिहिलेले आणि खाली 'कोल्हापूर'. आत सोळा मिलिमीटरची चारशे फूट फीत. चारशे फूट म्हणजे पडद्यावर जेमतेम अकरा मिनिटे. दोन तासांचा चित्रपट अशा अकरा रिळांचा होतो. म्हणजे हा अकरावा हिस्सा. मी फीत उजेडात धरली. खेड्यातली माणसे, बैलगाडी, एक म्हातारा. ओळखीचा एकही नट नाही.

"चाचा, कोणता पिक्चर?"

"मालूम नहीं, सेठ."

"मग एवढी किंमत कशी?"

चाचांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "मालूम नहीं, इसीलिए तो महँगा है. नाम मालूम होता तो सस्ता देता."

आमच्या साऱ्या छंदाचे शास्त्र त्या माणसाने एका वाक्यात सांगितले. मी घासाघीस केली, तीन वेळा निघून गेल्याचे नाटक केले, आणि सातव्या रिळाचा मालक होऊन घरी आलो. "पहिली सहा कुठं आहेत?" असे हिने विचारले. "तेच शोधायचं आहे," मी म्हणालो. तिने कपाळाला हात लावला.

हा प्रश्न हिने विचारला तो काही वेगळा नव्हे. चित्रपटांचा इतिहास लिहिणारी मोठमोठी माणसेही हाच प्रश्न विचारतात. आपल्या देशात तेराशेंच्या वर मूकपट निघाले. त्यातले आज फार थोडे उरले आहेत, आणि उरले त्यातलेही पुष्कळ तुटके. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमागृहात लागला. त्याच्या चार रिळांपैकी दोनच हाती लागली आहेत. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी, तोही गिरगावातच, मॅजेस्टिकमध्ये लागला. त्याची एकही प्रत आज जगात कुठे असल्याचे ठाऊक नाही. काही छायाचित्रे आणि जाहिराती तेवढ्या आहेत. ते मॅजेस्टिकही आता नाही. आमच्या आजोबांनी म्हणे रांगेत धक्के खाऊन तो पाहिला होता. आज कुणा धनाढ्याने कोटी रुपये मोजले तरी त्याला तो पाहता येणार नाही. गिरगावातल्या एका कारकुनाने काही आण्यांत जे पाहिले ते आज कुबेरालाही मिळत नाही, याला दुर्मिळ म्हणतात!

हे असे कसे झाले? एक तर जुनी पस्तीस मिलिमीटरची फीत नायट्रेटची, म्हणजे जवळजवळ बंदुकीच्या दारूची मावसबहीण. एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. दुसरे म्हणजे कृष्णधवल चित्रात चांदी असते. खेळ संपला, चित्रपटाची मागणी संपली, की फिती धुऊन त्यातली चांदी काढीत आणि उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या करीत. कुणास ठाऊक, आपल्या आज्यांनी हातात घातलेल्या एखाद्या बांगडीत कुठल्या नायिकेचा वनवास गेला असेल! यात कुणाला दोष द्यावा? ज्याने चांदी काढली त्याच्याही घरी चूल होती. आंबा खाऊन झाल्यावर साल कुणी जपून ठेवते का?

साल जपून ठेवणारी माणसे मात्र असतात, आणि तीच आमची बिरादरी. आमच्या बिरादरीच्या वेडाने काय साधते त्याचे एक उदाहरण देतो. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा 'मेट्रोपोलिस' हा जर्मन मूकपट १९२७ च्या जानेवारीत बर्लिनमध्ये लागला. फार लांब झाला म्हणून वितरकांनी त्याचा जवळजवळ चौथा भाग कापून टाकला. कापलेला भाग कायमचा गेला असे ऐंशी वर्षे सर्वांनी धरून चालले. आणि २००८ साली तो सापडला कुठे, तर सातासमुद्रापलीकडे अर्जेंटिनात, ब्युनोस आयरिसच्या चित्रपट संग्रहालयात! तिथल्या एका वितरकाने अखंड प्रत १९२८ च्या सुमारास नेली होती. पुढे ती एका चित्रपट समीक्षकाच्या खाजगी संग्रहात गेली, आणि तिच्यावरून काढलेली सोळा मिलिमीटरची ओरखडलेली प्रत संग्रहालयात येऊन पडली. एका छांदिष्टाने ती हौसेने जवळ ठेवली आणि त्याच्यानंतर ती दुसऱ्यांच्या हाती पोचली, म्हणून २०१० साली बर्लिनकरांना आपलाच चित्रपट जवळजवळ पूर्ण पाहायला मिळाला.

या उदाहरणात दोन गोष्टी आहेत : 'ठेवली' आणि 'पोचली'. गंमत अशी की मला त्या वेळी फक्त पहिलीच दिसत होती.

झाकणावर 'कोल्हापूर' होते, तेव्हा पुढचा मुक्काम ठरलेलाच. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालो. सातवे रीळ पिशवीत आणि पिशवी उशाशी. सकाळी कोल्हापूरला उतरलो, मिसळ खाल्ली, आणि नेहमीप्रमाणे आधी खरी कॉर्नरला जाऊन आलो. तिथे चौकात दगडी कॅमेऱ्याचे स्मारक आहे. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी या परिसरात होती. पेंटर मूळचे चित्रकार. परदेशी कॅमेरा परवडेना, तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला. १९२५ च्या त्यांच्या 'सावकारी पाश' मध्ये शांतारामबापूंनी तरुण शेतकऱ्याचे काम केले होते. कर्जापायी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट. देवादिकांच्या चित्रपटांच्या त्या काळात हे केवढे धाडस! तो मूकपट आज पाहायला मिळत नाही. कोल्हापूरकर रोज त्या दगडी कॅमेऱ्याला वळसा घालून भाजीला जातात. कॅमेरा दगडाचा म्हणून टिकला. चित्रपट फितीचा, तो गेला.

तिथून मास्तरांकडे. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगमास्तर. आमची ओळख तीस वर्षांची. त्यांच्या पलंगाखाली एक लोखंडी ट्रंक आहे. त्या ट्रंकेत काय आहे हे आमच्या बिरादरीत सर्वांना ऐकून ठाऊक, पाहून कुणालाच नाही. मास्तरांची व्याख्या सरळ होती : "दुर्मिळ म्हणजे काय, सांगू? जे माझ्याजवळ आहे आणि तुमच्याजवळ न्हाई!"

"या की आत. कधी आलासा?" मास्तरांनी स्वागत केले. वहिनींनी चहा आणला. मी काही न बोलता पिशवीतला डबा काढून सतरंजीवर ठेवला. झाकणावरचा तो पांढरा '७' पाहताच मास्तर चहा विसरले. उठले, दार लावून घेतले आणि ट्रंक ओढली. आत चार डबे. तोच पांढरा रंग, तेच अक्षर : २, ४, ५ आणि ९.

वाचकहो, त्या क्षणी आम्हां दोघांना आनंद व्हायला हवा होता. एका आईची ताटातूट झालेली पाच मुले एका सतरंजीवर भेटली होती. पण खरे सांगतो, आम्ही दोघेही हळूच आपापला डबा आपल्याकडे ओढून बसलो. मला त्यांची चार हवी होती, त्यांना माझे एक हवे होते. मी किंमत बोललो. ते हसले. त्यांनी बदल्यात दुसरे काही देऊ केले. मी मान हलवली. तासभर हा सौदा चालला. शेवटी मी म्हणालो, "मास्तर, निदान लावून तरी बघू या. यंत्र आहे ना?"

"यंत्र हाय. पण लावायचं न्हाई. एकदा चालवलं की एक ओरखडा पडतो. मी नव्वद साली झाकणं लावलीत, चिकटपट्टी मारून. हवासुद्धा लागू दिलेली न्हाई."

"मग पाहिलं कधी?"

"बघितलंय की! एकदा."

तेवढ्यात आतून वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांस्नी विचारा, खोलीत लोणच्याचा वास का येतोय म्हणून. दोन वर्षं मी सांगतेय. हे म्हणतात, शेजारी बरणी फुटली असंल."

मी मास्तरांकडे पाहिले, मास्तरांनी माझ्याकडे. वास मलाही येत होता. मी तो घरातल्या लोणच्याचा समजलो होतो. मास्तरांनी चार नंबरचा डबा घेतला आणि थरथरत्या नखाने चिकटपट्टी सोलली. झाकण उघडताच व्हिनेगरचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आले. माझ्या वासाने आणि मास्तरांच्या वेगळ्या कारणाने.

याचे कारण मला पुस्तकातून ठाऊक होते. सोळा मिलिमीटरची फीत पेट घेत नाही, ती ॲसिटेटची असते. पण ऊब आणि दमट हवा मिळाली की ती आतून कुजते आणि तिच्यातून व्हिनेगरचे आम्ल सुटते. ते आम्ल डब्यातच कोंडले की कुजणे आणखी वाढते, आणि शेजारच्या चांगल्या फितीलाही लागते. फीत आक्रसते, पापडासारखी वाकते, शेवटी यंत्रात जातच नाही. म्हणजे मास्तरांनी हवा लागू नये म्हणून जी चिकटपट्टी मारली, तिनेच घात केला. जिवापलीकडे जपले, आणि जपण्यानेच ते गेले.

दोन नंबर आणि नऊ नंबर तर नुसत्या लाटा झालेल्या. पाच नंबर अर्धे बरे. मास्तर भिंतीला टेकून बसले. सत्तर-बाहत्तरचा तो माणूस एकाएकी ऐंशीचा दिसू लागला. वहिनी दारात आल्या, पण त्यांनाही लोणच्याचा विषय काढवेना.

काय बोलावे न कळून मी चार नंबरच्या रिळाचे टोक हातात घेतले आणि खिडकीकडे धरले. आक्रसलेल्या फितीत एवढीएवढीशी चित्रे. विहीर होती. एक बाई होती. तिने वाकून कळशी उचलली होती. उजव्या हाताने. माझ्या छातीत धस्स झाले. मी फीत हलकेच उलटी केली आणि पुन्हा उजेडात धरली. आता कळशी डाव्या हातात होती आणि ती दूर रस्त्याकडे पाहत होती.

तीच का ती? छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. विहिरीवरची बाई आपल्या जुन्या मराठी चित्रपटांत दर दुसऱ्या रिळात असते. शिवाय आठ वर्षांच्या मुलाची आठवण ती काय, आणि पाऊस आला होता तो खेळ सुरू झाल्यावर किती वेळाने? पण मी मास्तरांना ती गिरगावातली सगळी हकीकत सांगितली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही हिला साठ वर्षं शोधताय, आणि ही तीस वर्षं माझ्या पलंगाखाली मरत पडली होती."

"मास्तर, पुण्याला नेऊ या."

"तिथं तरी काय ठेवलंय? दोन हजार तीन साली पुण्यात आग लागून जुन्या फिती जळाल्याच की न्हाई?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जानेवारी २००३ मध्ये प्रभातच्या जुन्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेटवरचे अनेक जुने चित्रपट कायमचे गेले. कोल्हापूरचाही अनुभव तोच. १९४८ च्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळला होता. जगात कुठलीही एक जागा सुरक्षित नाही. मी एवढेच म्हणालो, "म्हणूनच एका जागी एक प्रत ठेवून भागत नाही. तुमची ट्रंक काय आणि पुण्याचं कोठार काय, एकाच प्रतीचा भरवसा कसा धरायचा? दहा ठिकाणी असेल ते वाचेल."

मास्तर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच डबे पिशवीत भरले. माझे सातवे रीळ मात्र त्यांनी वेगळ्या पिशवीत ठेवले. म्हणाले, "हिचा रोग त्याला नको लागायला." ज्या माणसाने तासापूर्वी त्या रिळासाठी माझ्याशी सौदा केला होता, त्याने ते आपल्या हाताने वेगळे बांधून दिले. मी ते पाहिले आणि मला माझीच थोडी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी एस. टी.ने पुण्याला निघालो. दोघांच्या मांडीवर एकेक पिशवी. साताऱ्याच्या पुढे एका प्रवाशाने विचारले, "काय हो, लोणचं सांडलं का?" मास्तर म्हणाले, "व्हय. लई जुनं हाय."

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ च्या फेब्रुवारीत ते स्थापन झाले. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आहे. या संग्रहालयाचे नाव निघाले की आमची बिरादरी हात जोडते ती पी. के. नायर यांच्या आठवणीला. केरळातून आलेला हा माणूस १९६५ पासून १९९१ साली निवृत्त होईपर्यंत देशभर डबे गोळा करीत हिंडला. लहानपणी ते सिनेमाची तिकिटे आणि वजनाच्या यंत्राची चित्रवाली तिकिटे जमवीत. म्हणजे मूळचे आमच्यातलेच. फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष मिळवण्यासाठी ते नाशिकला जाऊन त्यांच्या कुटुंबीयांना भेटले. 'कालिया मर्दन' आज आपण पाहतो ते त्यांनी तुकडा तुकडा जुळवला म्हणून. २०१६ च्या मार्चमध्ये ते पुण्यातच वारले. त्यांच्यात आणि आमच्यात फरक एवढाच की, त्यांनी जमवले ते स्वतःच्या पलंगाखाली ठेवले नाही.

त्याच २०१६ साली या संग्रहालयाने केलेला एक सौदा मी मास्तरांना बाहेरच्या बाकावर बसून सांगितला. 'बिल्वमंगल' हा १९१९ सालचा कलकत्त्याचा मूकपट आपल्याकडे नव्हता. त्याचा एक तुकडा पॅरिसच्या चित्रपट संग्रहालयात होता. आपल्याकडे 'जमाई बाबू' हा १९३१ चा मूकपट होता. पुणेकरांनी तो पॅरिसला दिला आणि 'बिल्वमंगल' आणला. आणि देण्यातली खुबी पाहा. लाडू दिला तर आपल्याजवळचा जातो. चित्रपटाची प्रत दिली तर आपल्याजवळही राहतो. मास्तर म्हणाले, "हे आम्ही सतरंजीवर बसून का केलं न्हाई हो?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आतल्या माणसांनी डबे पाहिले, हातमोजे घालून फिती तपासल्या. कुजलेले डबे इतरांपासून लांब ठेवायला सांगितले. दोन आणि नऊ यांतून फारसे काही हाती लागेल असे दिसत नाही. चार आणि पाच यांचा काही भाग फ्रेम-फ्रेम करून उतरवता येईल कदाचित. सात उत्तम आहे, असे म्हणाले. मी सात नंबरचा डबा पुढे केला. मालकी सोडताना वाईट वाटले नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. मास्तरांनी मात्र जाताना एकच विचारले, "दाखवाल ना कुणाला तरी?"

परतताना आम्ही जुन्या प्रभातच्या फाटकावरून गेलो. १९३३ साली कोल्हापूर सोडून प्रभात कंपनी इथे आली. 'संत तुकाराम' याच आवारात घडला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आता तिथे चित्रपट शिकवणारी संस्था आहे. आतून मुलामुलींचा एक घोळका कॅमेरा खांद्यावर घेऊन, हसत-भांडत बाहेर पडत होता. मास्तर त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "ही पोरं बघतील. आपण ट्रंकेवर नाग होऊन बसलो होतो."

गेल्या दिवाळीत पाडव्याला मास्तर आणि वहिनी आमच्याकडे आले, ते यंत्र घेऊनच. माळ्यावरचे डबे मी स्वतः खाली काढले. एकेक उघडून हुंगला. देवदयेने लोणच्याचा वास फक्त एकाला आला, तो पुण्याला रवाना झाला. संध्याकाळी इमारतीच्या गच्चीवर हिची पांढरी चादर ताणून बांधली आणि माझ्याजवळच्या रिळांतली तीन-चार चालवली. एक रीळ मधूनच सुरू होणारे, दुसरे मधेच संपणारे. मुले खाली बसली, मोठी माणसे खुर्च्यांवर. काही मुले धावत चादरीच्या मागे गेली. मी त्यांना हटकले नाही.

एक रीळ ऐन मारामारीत संपले. शेजारचा तोच चकलीवाला मुलगा ओरडला, "आजोबा, पुढं काय झालं?"

"पुढचं रीळ ज्याच्या माळ्यावर असेल त्याला विचारायला हवं," मी म्हणालो.

म्हणून वाचकहो, तुमच्याकडेही या दिवाळीत माळा साफ होईल. आजोबांच्या ट्रंकेत, मामांच्या जुन्या दुकानात एखादा पत्र्याचा गोल डबा निघाला, तर तो भंगारवाल्याला देण्याआधी एकदा हुंगून पाहा, आणि चिकटपट्टी असेल तर सोडा. आत कदाचित कुणाच्या लग्नाचीच फीत असेल. कदाचित विहिरीवरची एक बाई असेल, आणि ती कुणाकडे पाहत होती ते त्यात असेल. ते जमल्यास मला कळवा. पण आधी पुण्याला कळवा.

गच्चीवरचा खेळ संपल्यावर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी कधी नव्हे तो कॉलर ताठ करून नमस्कार केला. मी मोठ्या अभिमानाने हिच्याकडे पाहिले. साठ वर्षांची माझी यात्रा सफळ झाली होती. ही काय बोलते याकडे माझे कान लागले होते.

ही म्हणाली, "चादर धुऊन द्या. उद्या भाऊबीज आहे."